आई-वडिलांना डिमेन्शियाच्या ट्रायलमध्ये घालायचं असेल तर : सांगलीहून पुण्याला १४ महिने फेऱ्या मारून जे कळलं ते

मागच्या काही महिन्यांत मिरज, तासगाव, पलूस, अगदी कराडवरनं सुद्धा लोकांचे फोन आले, की तुमच्या आण्णांना पुण्याला त्या विसरण्याच्या औषधाच्या ट्रायलला नेत होता ना, मग आमच्या आईला पण नेऊ का, काही धोका नाही ना, पैसे किती लागतात. प्रत्येकाशी तासभर बोलतो पण काहीतरी सांगायचं राहतंच, म्हणून आता सगळं एकदा लिहूनच काढतोय. मी डॉक्टर नाही, मार्केट यार्डात आमचं हळदीचं अडत दुकान आहे तिथं बसतो. पण १४ महिने वडिलांबरोबर ह्यातनं गेलोय आणि एकूण एक कागद स्वतः वाचलाय. घाईत असाल तर एवढं एकच वाक्य लक्षात ठेवा : सही करायच्या आधी ट्रायलचं संमतीपत्र वाचायला घरी आणा.

आण्णा ७१ वर्षांचे होते तेव्हा सुरुवात झाली. एकाच शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे मालाच्या हिशोबाचा कागद, त्यांनी दोनदा केली, आम्हाला वाटलं सीझनची धावपळ आहे, होतं असं. मग एके दिवशी दुकानातनं विश्रामबागला घरी यायला निघाले आणि पोचले आयर्विन पुलावर, उलट्या दिशेला, तिथनं एका ओळखीच्या हमालानं घरी आणून सोडलं. तरी आमचं वर्ष गेलं "वय झालं की चालायचंच" म्हणण्यात. ते वर्ष वाया गेलं ह्याचं मला अजून वाईट वाटतं, कारण बऱ्याचशा ट्रायलना पेशंट सुरुवातीच्या टप्प्यातलाच लागतो, माणूस घरच्यांना ओळखेनासा झाला की मग तिथलं दार बहुतेक बंद झालेलं असतं.

तर ट्रायलचं नाव काढायच्या आधी निदान पक्कं करून घ्या. विसरायला लागलं म्हणजे अल्झायमरच असं अजिबात नसतं. बी १२ कमी असलं तरी माणूस विसरतो, थायरॉईड मंद असलं तरी विसरतो, डिप्रेशन असलं तरी, आणि पडून डोक्याला मार लागून मेंदूवर हळूहळू रक्त साचलं तरी. ह्यातल्या बऱ्याच गोष्टींवर उपचार आहेत. आमच्या गल्लीतल्या एक काकू, माळकरी घर, अंडं सुद्धा खात नाहीत, त्यांचं बी १२ फार खाली गेलेलं, इंजेक्शनं सुरू झाल्यावर दोन-तीन महिन्यांत बाई परत पतसंस्थेचा हिशोब बघायला लागली. म्हणून रक्ताच्या तपासण्या, एमआरआय आणि न्यूरोलॉजिस्टला नीट दाखवणं हे आधी. त्याला लांब जायची गरज नाही, आपल्याकडं मिरजेला दवाखान्यांची परंपराच आहे, १८९४ साली वानलेस साहेबांनी दवाखाना काढला तेव्हापासनं लोक लांबून लांबून तिथं येतात, आणि साताऱ्याकडच्यांना कराड आहेच. आणि लाज तर अजिबात बाळगू नका, देशभराची पाहणी झाली त्यात साठीच्या पुढच्या लोकांत ७.४ टक्के जणांना डिमेन्शिया असावा असा अंदाज निघाला, म्हणजे जवळजवळ ८८ लाख माणसं. तुमच्या वाड्यातलं एकटं घर नाही हे.

आमच्या डॉक्टरांनी निदान सांगितलं, डोनेपेझिल म्हणून विसरण्यावरची नेहमीची गोळी असते ती चालू केली आणि जाता जाता म्हणाले पुण्यात एक ट्रायल चालू आहे, बघा विचार करून. घरी येऊन सांगितलं तर आत्या भडकलीच, "माझ्या भावाला प्रयोगाला बसवता व्हय रं?" तिचं चूक नव्हतं. आपल्या देशात गरिबांवर न विचारता औषधं वापरल्याच्या तक्रारी झाल्यात, प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, त्यानंतरच २०१३ पासनं नियम कडक होत गेले आणि २०१९ ला नवीन औषधं आणि क्लिनिकल ट्रायलचे वेगळे नियमच आले. आज पेशंटच्या बाजूनं जे हक्क आहेत ते असे भांडून मिळालेत, म्हणून ते माहीत असायलाच पाहिजेत.

आता ट्रायल म्हणजे काय. औषध काम करतं का आणि त्याचा त्रास किती होतो हे अजून माहीत नाही म्हणून ट्रायल घेतात, माहीत असतं तर दुकानात विकलं असतं. पहिल्या टप्प्यात थोड्या लोकांवर बघतात की औषध सोसतंय का, दुसऱ्यात डोस किती द्यायचा आणि थोडाफार उपयोग दिसतो का, तिसऱ्यात शेकडो-हजारो लोकांवर खरी परीक्षा, आणि चौथा टप्पा औषध बाजारात आल्यावरचा. तुम्हाला कोणी विचारलं तर "कितवा टप्पा?" हे आधी विचारा. दुसरं, बऱ्याच ट्रायलमध्ये निम्म्यांना खरं औषध आणि निम्म्यांना प्लासिबो म्हणजे दिसायला तसलीच पण आत औषध नसलेली गोळी देतात, कोणाला काय हे कॉम्प्युटर चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवतो, आणि ते तुम्हालाही कळत नाही आणि समोरच्या डॉक्टरलाही नाही. हे मनाला पटवून घ्यायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. वडिलांना एवढे महिने घेऊन जायचं आणि हातात कदाचित नुसती पिठाची गोळी. पण विचारल्यावर कळलं की चालू असलेली डोनेपेझिल बंद करत नव्हते, ती तशीच ठेवून त्यावर ट्रायलची गोळी. हे तुम्ही पण स्पष्ट विचारा, आत्ताची औषधं चालू राहणार का.

आणि अपेक्षा जमिनीवर ठेवा. लेकॅनेमॅब नावाचं अल्झायमरवरचं औषध ऐकलं असेल. त्याच्या मोठ्या ट्रायलमध्ये १७९५ लोक होते, औषध दर दोन आठवड्यांनी सलाईनमधनं द्यायचे, १८ महिने चालली, आणि औषध मिळालेल्यांची घसरण प्लासिबोवाल्यांपेक्षा २७ टक्क्यांनी कमी झाली. ऐकायला खूप वाटतं, पण १८ गुणांच्या मोजपट्टीवर तो फरक अर्ध्या गुणाच्याही थोडा आतच होता, आणि काही जणांच्या मेंदूला सूज किंवा बारीक रक्तस्राव दिसला म्हणून सारखे एमआरआय करावे लागले. २०२३ च्या जुलैमध्ये अमेरिकेत त्याला पूर्ण मंजुरी मिळाली. म्हणजे गेलेली आठवण परत आणून देणारं अजून काही नाही, घसरण थोडी हळू करणं इथपर्यंत गाडी आलीय, आणि तीही त्या १७९५ घरांनी वेळ दिला म्हणून. सगळ्या ट्रायल औषधाच्याच असतात असंही नाही. फिनलंडमध्ये ६० ते ७७ वयाच्या १२६० लोकांना दोन वर्षं आहार, व्यायाम, मेंदूला कामाला लावणारे खेळ आणि बीपी-शुगरवर लक्ष असं सगळं एकत्र देऊन बघितलं, आणि त्यांचा परीक्षेतला निकाल नुसता सल्ला मिळालेल्यांपेक्षा बरा आला. ज्यांना औषधाची भीती वाटते त्यांनी असल्या अभ्यासांची चौकशी करावी, काही ठिकाणी सांभाळणाऱ्या माणसाच्या ट्रेनिंगवर सुद्धा अभ्यास चालतात.

शोधायचं कुठं? व्हॉट्सॅपच्या फॉरवर्डवर नाही. आपल्या सरकारची क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री आहे, सगळे सीटीआरआय म्हणतात, आयसीएमआर म्हणजे केंद्राची वैद्यकीय संशोधन परिषद, तिची संस्था चालवते. २००७ ला सुरू झाली, आणि १५ जून २००९ पासनं औषधाची ट्रायल तिथं नोंदवणं सक्तीचं आहे. सीटीआरआय डॉट एनआयसी डॉट इन वर फुकट बघता येतं. इंग्रजीत डिमेन्शिया किंवा अल्झायमर टाका, यादी येईल. एकेक ट्रायल उघडली की भरपूर माहिती असते, त्यात चार गोष्टी बघा : भरती चालू आहे की संपली, महाराष्ट्रात कुठल्या दवाखान्यात आहे, एथिक्स कमिटीची, म्हणजे पेशंटचं हित बघणाऱ्या समितीची, मंजुरी आलीय का, आणि कोणाला घेणार नि कोणाला नाही. प्रत्येकीला नंबर असतो, सीटीआरआय, मग वर्ष, महिना, मग आकडा. कोणीही ट्रायलबद्दल बोललं की हा नंबर मागायचा, खरा माणूस लगेच देतो. फक्त एक समजून घ्या, नोंद आहे म्हणजे सरकारनं औषध चांगलं आहे म्हणून शिक्का मारला असं नव्हे. नवीन औषध असेल तर केंद्राच्या औषध नियंत्रकांची परवानगी वेगळी लागते, तीही विचारा.

पैशाचं तर मी ठळक सांगतो. औषधाच्या खऱ्या ट्रायलमध्ये ट्रायलचं औषध आणि त्यासाठीच्या तपासण्या ह्याचे पैसे पेशंटकडनं घेत नाहीत. आम्हाला सुरुवातीला एका ठिकाणी "स्टेम सेल ट्रायल आहे, आठवण परत येईल, पॅकेज लाखात बसेल" असं सांगितलं होतं. आईनं दागिने काढायची तयारी केली होती, खरंच. मी नंबर मागितला तर विषय बदलला, आम्ही उठून आलो. डिमेन्शियावर स्टेम सेल हा आपल्याकडं मान्य उपचार नाही, आणि ट्रायल म्हणून पैसे मागणं तर चालतच नाही. असं कोणी भेटलं तर तिथंच थांबा.

नंबर मिळाला की दवाखान्यातल्या ट्रायल कोऑर्डिनेटरला फोन करायचा, डॉक्टरपेक्षा हाच माणूस पुढं रोजचा लागतो. मी वहीत लिहून विचारलं होतं : किती महिने, किती फेऱ्या, मुक्काम लागतो का, पाठीच्या मणक्यातनं पाणी काढणार का, पेट स्कॅन म्हणजे मेंदूचा तो खास स्कॅन आहे का, प्रवासाचे पैसे दोघांचे देता का आणि किती दिवसांनी, संपल्यावर औषध पुढं मिळणार का, रात्री-अपरात्री काही झालं तर फोन कोण उचलणार. फाईल तयार ठेवा, नुसता एमआरआयचा रिपोर्ट नाही तर सीडी पण, आणि सगळ्या गोळ्यांची यादी कधीपासनं आणि किती डोस ह्यासकट, कारण डोस नुकताच बदलला असेल तर बहुतेक ठिकाणी थांबायला सांगतात. पेसमेकर, रक्त पातळ करायच्या गोळ्या, जुना स्ट्रोक, हे लपवू नका. घ्यावं म्हणून लपवलं तर त्रास तुमच्याच माणसाला.

मग स्क्रीनिंग, म्हणजे पेशंट ट्रायलमध्ये बसतो का ते बघायची तपासणी. रक्त, ईसीजी, एमआरआय आणि स्मृतीची परीक्षा. परीक्षा मराठीत घेणार का हे आधीच विचारा, हिंदीत अडखळलं आणि त्याचे मार्क गेले असं व्हायला नको. आमच्यावेळी मराठीत झाली, ३० मार्कांची. वार कुठला, तारीख कुठली, तीन शब्द लक्षात ठेवा, घड्याळ काढा. मग परीक्षा घेणाऱ्या मॅडम म्हणाल्या, आण्णा, १०० मधनं ७ वजा करा, आलेल्यातनं परत ७, असं करत जा. ज्या माणसानं चाळीस वर्षं क्विंटलचे भाव तोंडी लावले, ज्यांच्या तरुणपणी सौद्यात रुमालाखाली बोटं धरून भाव ठरायचे, ते म्हणाले ९३. मग ८६. मग थांबले. मी शेजारी बसलो होतो, मला त्यांच्या मांडीवरचं उपरणं हलताना दिसलं, त्याच्याखाली बोटं चालली होती, एक एक बोट दाबून बघत होते. बराच वेळ गेला. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "तू सांग की." मला उत्तर द्यायला परवानगी नव्हती. तुम्ही बरोबर जाणार असाल तर ह्या तासाची मनाची तयारी करून जा आणि मधे बोलू नका, खुणा करू नका, घरी आल्यावर "एवढं पण आलं नाही" असं तर चुकूनही म्हणू नका. त्या दिवशी आम्ही बाहेर पडल्यावर त्यांना आवडते म्हणून उसाचा रस पाजला आणि सरळ सौद्याच्या गप्पा काढल्या.

स्क्रीनिंगमध्ये पुष्कळ लोक बसत नाहीत. मार्क जास्त पडले तरी घेत नाहीत, कमी पडले तरी नाही. त्यात अपमान काही नाही, आणि त्या निमित्तानं झालेल्या तपासण्यांचे रिपोर्ट मात्र मागून घ्या.

आता संमतीपत्र. खरं तर स्क्रीनिंगच्याही आधी हे होतं, कुठलीही तपासणी सहीनंतरच. ह्यात दोन भाग असतात, माहितीपत्रक आणि सहीचा कागद, दोन्ही मराठीत मिळायला पाहिजेत. आमचं वीसेक पानांचं होतं. पहिल्यांदा आम्ही ज्या ठिकाणी गेलो होतो तिथं "सगळे करतात, इथं इथं सह्या करा, दुपारी दुसरे पेशंट आहेत" असं चाललं होतं, तिथनं आम्ही परत फिरलो. दुसऱ्या ठिकाणी स्वतःहून म्हणाले घेऊन जा, घरात वाचा, पुढच्या आठवड्यात या. आम्ही घरी आणलं, रात्री जेवणं झाल्यावर मोठ्यानं वाचलं, आत्या पण होती, तिनं मिरजेच्या आमच्या डॉक्टरांना पण दाखवायला लावलं, आणि मी पेन्सिलनं समासात १९ प्रश्न लिहून नेले. एकाही प्रश्नाला कोणी तोंड वाकडं केलं नाही. ज्या ठिकाणी प्रश्न आवडत नाहीत तिथं माणूस ठेवू नये.

पेशंटला समजत असेल तर सही त्याचीच. समजण्यापलीकडं गेलं असेल तर कायद्यानं चालणारा प्रतिनिधी म्हणजे नवरा, बायको, मुलं असं कोणीतरी सही करतं. वाचता येत नसेल तर ट्रायलशी संबंध नसलेला साक्षीदार हजर लागतो. नवीनच औषध असेल आणि पेशंट असा दुबळ्या अवस्थेतला असेल तर समजावून सांगतानाचं व्हिडिओ रेकॉर्डिंग करतात, कॅमेरा बघून घाबरू नका, तो आपल्याच बाजूचा आहे. सही केलेल्या कागदाची एक प्रत तुम्हाला मिळालीच पाहिजे. त्यावर एथिक्स कमिटीचा फोन असतो, तो मोबाईलमध्ये सेव्ह करा. ह्या कमिटीत कमीत कमी ७ जण असतात, त्यात वकील असतो, साधा बाहेरचा माणूस असतो, निम्मे लोक दवाखान्याच्या बाहेरचे असतात. डॉक्टरबद्दल तक्रार असेल तर डॉक्टरकडंच करावी लागत नाही हे कित्येकांना माहीतच नाही.

आणि सही मुलानं केली तरी आई-बापाचा नकार म्हणजे नकार. आण्णांना सकाळी समजावलेलं संध्याकाळी आठवायचं नाही, म्हणून मी तीन वेगवेगळ्या दिवशी, सकाळी ताजे असताना विचारलं. तिन्ही वेळा त्यांनी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकलं आणि तिन्ही वेळा म्हणाले, "मला नाही तर दुसऱ्याला होईल की उपयोग, जाऊया." म्हणून गेलो. एकदा जरी नको म्हणाले असते तर विषय बंद होता.

प्रवास हा आपल्याकडच्या लोकांचा सगळ्यात मोठा प्रश्न. साताऱ्यावरनं पुणे एका दिवसात जाऊन येण्यासारखं आहे, सांगलीवरनं सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर, म्हाताऱ्या माणसाला जाऊन-येऊन एका दिवसात करू नका. संध्याकाळ झाली की ह्या लोकांचा गोंधळ वाढतो, अनोळखी लॉजवर तर फारच. आम्ही आदल्या दिवशी दुपारीच बहिणीकडं जायचो, तीच खोली, तीच चादर, उशाला घरचाच तांब्या. रक्त उपाशीपोटी असेल तर डब्यात भाकरी आणि भडंग, रक्त काढल्या काढल्या हातात द्यायचं. गाडीत खिडकीकडची जागा, खंबाटकीच्या घाटाआधी एक थांबा. खिशात नाव आणि माझा नंबर लिहिलेली चिठ्ठी कायम. तिकिटं, पेट्रोलच्या पावत्या सगळ्या एका पाकिटात, त्याच्याशिवाय पैसे मिळत नाहीत, आणि महिना-दोन महिने उशीर होतोच, तेवढी तयारी ठेवा.

घरातला एकच माणूस कायम बरोबर जावा. त्याला स्टडी पार्टनर म्हणतात, दर वेळी त्याची पण मुलाखत होते, झोप कशी, चिडचिड किती, शर्टाची बटणं स्वतः लावतात का, आणि ती उत्तरं मागच्या उत्तरांशी ताडून बघतात. एकदा मी, एकदा भाऊ, एकदा सून असं केलं तर सगळं बिघडतं. म्हणजे ही नोकरीच आहे असं धरा, दुकान किंवा शेत कोण बघणार हे आधी ठरवा. मी एक दोनशे पानी वही केली होती, रोज दोन ओळी, गोळी किती वाजता, आज काय वेगळं झालं. उरलेल्या गोळ्या आणि रिकामी पाकिटं सुद्धा परत न्यावी लागतात, ते मोजतात. कोणी प्रेमानं आणून दिलेलं चूर्ण, काढा, आयुर्वेदिक गोळी, काहीही घालायच्या आधी कोऑर्डिनेटरला फोन. आणि गावातल्या नेहमीच्या डॉक्टरांना ट्रायलचं कार्ड दाखवून ठेवा, कारण रात्री दोनला उलट्या झाल्या तर पुण्याला नाही, त्यांच्याकडंच पळणार आहात.

आमच्यावर ती वेळ आली. आठव्या महिन्यात आण्णा चक्कर येऊन पडले, मिरजेत ॲडमिट करावं लागलं. मी आधी दवाखाना गाठला, तिथनं ट्रायलच्या डॉक्टरला फोन केला, रात्री सव्वाअकराला उचलला. ॲडमिट व्हावं लागलं की ती गंभीर घटना धरतात, डॉक्टरला २४ तासात ट्रायल करणारी कंपनी, एथिक्स कमिटी आणि औषध नियंत्रकांना कळवावं लागतं, म्हणून तुम्ही पण उशीर करू नका, "दोन दिवसांनी फेरी आहेच, तेव्हा सांगू" असं नको. २०१९ च्या नियमांत ट्रायलमध्ये इजा झाली तर उपचार फुकट करायचे आहेत, गरज असेपर्यंत किंवा त्या इजेचा ट्रायलशी संबंध नाही असं ठरेपर्यंत, आणि संबंध निघाला तर नुकसानभरपाई वेगळी. आण्णांचं सोडियम कमी झालेलं निघालं, बीपीच्या जुन्या गोळीमुळं असावं असं ठरलं. पण तोपर्यंतची बिलं त्यांनी घेतली. डिस्चार्ज कार्ड, बिलं, औषधांच्या चिठ्ठ्या, सगळ्याच्या झेरॉक्स काढून ठेवल्या म्हणून अडलं नाही.

आणि कधीही बाहेर पडता येतं, कारण सुद्धा द्यावं लागत नाही. चौदाव्या महिन्यात आण्णा गाडीत बसायलाच घाबरायला लागले, सातारा यायच्या आत तीन-तीनदा "घरी चल" म्हणायचे. मी फोन करून सांगितलं आता नाही जमणार. मला वाटलं होतं बोलतील, पण फोनवरच्या मॅडम म्हणाल्या एवढे दिवस आलात तेच खूप, फक्त एक शेवटची फेरी करा म्हणजे तपासून सोडता येईल. ती शेवटची फेरी चुकवू नका, गोळी अचानक बंद झाल्यावर काही होतंय का ते त्यात बघतात, आणि पुढच्या नेहमीच्या उपचारात ह्यामुळं काही फरक पडत नाही.

जाताना दोन गोष्टी लेखी मागा : ट्रायल संपल्यावर निकाल कळवणार का, आणि आमच्या माणसाला औषध होतं की प्लासिबो हे सांगणार का. सगळ्यांची ट्रायल संपून कोड, म्हणजे कोणाला कुठली गोळी होती ती यादी, उघडेपर्यंत ते कळत नाही, त्याला वर्ष-दोन वर्षं लागतात. आमचं अजून आलेलं नाही. दर दोन महिन्यांनी सीटीआरआयवर तो नंबर टाकून बघतो, आत्याचा पण दर दिवाळीला एकच प्रश्न असतो, "कळलं का रं, कुठली गोळी होती?" आण्णा शेजारी बसलेले असतात, पोत्यातनं काढल्यासारखं हळदीचं एक हळकुंड हातात घेऊन मोडून बघत, अजून रंग बरोबर ओळखतात.